भरल्या कोठाराशेजारी उपाशी

१

मयत इसम घोड्यावर होता, सशस्त्र होता आणि उंचीने माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता.

"मेला," साहेब म्हणाले.

"परत सुरू करा," ताई म्हणाली.

साहेबांनी परत सुरू केलं. पडद्यावर नदी आली, पूल आला, पलीकडे शत्रूचा तळ आला. तळातून सेनापती बाहेर पडला, घोडा थोडा पुढे आणला, आजूबाजूला रुबाबात पाहिलं. त्याची फेरी संपली. मग बसमध्ये डुलकी लागलेला माणूस शेजारच्याच्या खांद्यावर कलतो तसा तो कलला. शेजारी कुणी नसल्यामुळे खाली पडला. त्याच्या सैन्याने भाले टाकले आणि ते घरी निघालं. मोठी सोनेरी अक्षरं उमटली : तुमचा विजय झाला आहे!

साहेबांनी अजून एकही चाल केली नव्हती.

"मी या खेळात आयुष्यात पहिल्यांदा जिंकलोय," साहेब खिन्नपणे म्हणाले, "आणि मला काहीच वाटत नाहीये."

आमचं दुकान जुने खेळ नवे करून विकतं. या वेळी हातात होता 'वेढा'. आम्ही शाळेत असताना घरोघरी असलेला, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा, डावपेचांचा खेळ. पलीकडचा सेनापती कॉम्प्युटर चालवायचा. त्याला खरं नाव होतं, पण सगळं जग त्याला खडूस म्हणायचं, कारण तो दयामाया दाखवत नसे, तह करत नसे आणि मरायला टेकला तरी शरण येत नसे. आम्ही चित्रं नवी केली, आवाज नवे केले, खडूसचा मेंदू मात्र जुनाच ठेवला. जुन्या खेळाडूंसाठी एक बटणही ठेवलं; ते दाबलं की नवी चित्रं जाऊन जुने ठिपके येतात.

खेळ मुळात ज्यांनी बनवला ते सर उद्या दुपारी येणार होते. त्यांची अट एकच होती : खडूस ओळखीचा वाटला, तर 'वेढा' हे नाव वापरा. नाहीतर नाव काढा.

"उद्या त्यांच्यासमोर हा असा पडला," साहेब म्हणाले, "तर ते म्हणतील, हा कोण? त्यापेक्षा संध्याकाळपर्यंत बघू. नाही उठला तर काकाने बनवलेला नवा सेनापती बसवू आणि दुसऱ्या नावाने खेळ विकू."

"काकाचा सेनापती पुलावर उभा राहून आपली वाट बघतो," ताई म्हणाली.

"सभ्य आहे तो," साहेब म्हणाले. "आणि ताई, परवा हा खेळ ठीक आहे असं तूच सांगितलं होतंस ना?"

ताई माझी सख्खी मोठी बहीण. खेळ खेळून खेळून त्यातल्या चुका शोधणं हे तिचं काम. पगार घेऊन खेळते, हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही. मी खेळातल्या गावकऱ्यांची वाक्यं लिहितो. 'पाणी चढतंय हो' हे माझं सर्वांत गाजलेलं वाक्य.

ताईने पडलेल्या खडूसवर टिचकी मारली. खेळात मेलेल्यावर टिचकी मारली की मरणाचं कारण दिसतं : तलवार, बाण, बुडणे. ते वाचून ताईच्या भुवया वर गेल्या.

खडूसच्या नावापुढे लिहिलं होतं : उपासमार.

त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर, त्याचं धान्याचं कोठार होतं. शिगोशीग भरलेलं.

२

"चल दिवट्या," ताई म्हणाली. "साक्षी नोंदवू."

"माझी पण?"

"तुझी घरी. आई नोंदवेल."

पहिला संशयित काका. काका माझ्याच वयाचा आहे, पण केस पांढरे झालेत आणि बोलतोही असा, की जणू आम्हा सगळ्यांची लग्नं त्यानेच लावून दिलीत. प्रोग्रामिंग त्याच्याकडे. खडूस गेला तर त्याचा स्वतःचा सेनापती गादीवर बसणार होता. रहस्यकथेत अशा माणसाला पहिल्याच प्रकरणात अटक होते आणि म्हणूनच तो निर्दोष असतो. तरी मी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडे असं काय बघतोस? पोट बिघडलंय का?" काका म्हणाला.

"खडूसच्या मेंदूला हात लावलास?" ताईने विचारलं.

"देवाशपथ नाही. सरांचा जुना मेंदू मी जसाच्या तसा पेटीत बंद करून ठेवलाय. बाहेरून चित्रं द्यायची, आवाज द्यायचे, तो आतून सांगतो कोण कुठे गेलं, कोण मेलं. आत कसं चालतं ते मला माहीत नाही आणि मला बघायचंही नाही. एकदा डोकावलो होतो. त्या माणसाने पावसाचा आणि वाऱ्याचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवलाय, आणि तिथेच खेळाडूचं नाव. मी झाकण लावलं आणि चहा प्यायला गेलो."

"भुकेचा नियम तरी सांग."

"तो बाहेरूनही दिसतो. फेरीच्या शेवटी ज्याची त्याची भूक मोजतात. कोठारात तेवढं असेल तर जेवतो. नसेल तर मरतो. अर्धपोटी राहायची सोय नाही."

"कोठार तर भरलेलं आहे."

"तेच तर!" काकाने हात वर केले. "भरलेल्या ताटासमोर बसून कोण उपाशी मरतं गं?"

"नवी नवरी," मी म्हणालो. दोघांनीही ते ऐकलं नाही असं ठरवलं.

"शेवटचा बदल कधी केलास?"

"सोमवारी. त्यानंतर माझ्याकडून काहीही गेलेलं नाही. ताई, एक सांगू का? रागावू नकोस. हा खेळ ठीक आहे असं तू मंगळवारी म्हणालीस. तुझ्याकडे तो मेला कसा नाही?"

ताई उभीच राहिली. मग तरातरा आपल्या टेबलाशी गेली आणि खेळ सुरू केला.

खडूस तळातून बाहेर पडला. पुढे आला. फेरी संपली.

खडूस ठणठणीत होता.

३

तोच खेळ, तीच प्रत. साहेबांच्या टेबलावर मरत होता, ताईच्या टेबलावर जगत होता.

"साहेबांच्या खोलीत काहीतरी आहे," मी म्हणालो. "मलाही तिथे गेलं की भूक लागते."

ताई आपल्याच पडद्याकडे बघत होती. तिथे जाडे ठिपके होते. खडूसला नाक म्हणून एकच चौकोन होता.

"मी जुन्या चित्रांत खेळते," ती हळू म्हणाली. "नेहमीच. सवय आहे. नवी चित्रं मी फक्त सुंदर दिसतात का एवढ्यापुरती बघितली." तिने कपाळावर हात मारला. "चित्राने काय फरक पडणार, असं धरून चालले. काय गाढव आहे मी!"

तिने बटण दाबलं. ठिपके गेले, नवी चित्रं आली. खेळ पहिल्यापासून लावला. फेरी संपली, खडूस पडला.

परत लावला. या वेळी फेरी संपायच्या क्षणी जुनी चित्रं आणली. खडूस जगला.

"चित्राने माणूस मरत नाही," मागून काका म्हणाला. तो चहाचा कप घेऊन आला होता. खुनाच्या जागी गर्दी जमतेच.

"मेला की नाही डोळ्यांदेखत?"

"तरीही मरत नाही," काका म्हणाला. काका तत्त्वाचा पक्का आहे.

दुसरी संशयित आपोआपच ठरली. चित्रं बारीक काढते. बारीक हे तिचं नाव नाही. ती अंगाने चांगली भरलेली आहे, पण काम इतकं बारीक करते, की मागच्या खेळात घोड्याच्या शेपटीवरच्या माशीला तिने पापण्या काढल्या होत्या. ती कानाला हेडफोन लावून झाडाची पानं रंगवत होती.

"खडूस मेला," ताई म्हणाली.

बारीकने हेडफोन काढले. कसा मेला, कधी मेला, काही विचारलं नाही. तिने विचारलं, "तू त्याला जवळून बघितलंस का?"

"किती जवळून?"

"नाही म्हणजे... असंच." ती परत पानांकडे वळली. "माझं काम मंजूर झालंय. त्यानंतर मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"चेहरा छान काढलायस."

"घोडाही छान आहे," ती पटकन म्हणाली. "घोडा बघ ना. सगळे चेहराच बघतात. घोडा बघ."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हिनेच मारलं."

"का मारेल? स्वतःच्या हाताने काढलेलं पोर आहे ते तिचं. पण काहीतरी लपवतेय. आणि ते घोड्यावर नाहीये."

तिसरे संशयित साहेब. त्यांच्याकडे हेतू होता : लोकांना सोपे खेळ आवडतात असं त्यांचं मत होतं. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की मी लहानपणापासून खडूसकडून हरत आलोय, मला त्याचा राग आहे, पण मला कॉम्प्युटरमध्ये फाईलसुद्धा हलवता येत नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. परवा त्यांनी प्रिंटर बंद करायला वीज मंडळाला फोन लावला होता.

"ताई, नाद सोड," ते म्हणाले. "दुपार कलली. काकाचा सेनापती तयार आहे. एवढं काय त्या खडूसमध्ये?"

ताई दारात थांबली.

"साहेब, मी शाळेत असल्यापासून त्याच्याशी खेळतेय. एकदाही जिंकले नाही. मला त्याला हरवायचंय. मेलेल्या माणसाला हरवता येत नाही आणि काकाच्या माणसाला हरवण्यात अर्थ नाही."

"सभ्य आहे तो," साहेब पुटपुटले.

ताईने सरांना फोन लावला.

४

सर फोनवर ओरडून बोलतात. मला दोन हात लांबूनही सगळं ऐकू येत होतं.

"भूक?" सर म्हणाले. "कुणाची?"

"सैनिकांची, सर. कुणाला किती भूक आहे, ते तुम्ही कुठे लिहिलं होतं?"

"कुठेच नाही!"

"म्हणजे?"

"अहो बाई, तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये जागा केवढी होती? काड्यापेटीत संसार मांडायचा होता! भुकेसाठी वेगळा आकडा कुठून आणू? सैनिकाचा एक, हत्तीचा एक, घोड्याचा एक. तळाला जागाच शिल्लक नव्हती!"

"मग हत्ती जास्त कसा जेवायचा?"

"हत्ती मोठाच असतो की! जे घरात होतं त्यातच भागवलं. ठेवतो आता, दाराशी कुणीतरी आलंय. उद्या येतोय मी. तो बरा आहे ना?"

ताईने माझ्याकडे बघितलं. "सुखरूप आहे, सर. थोडा अशक्तपणा आहे."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली आणि खुर्ची गोल गोल फिरवू लागली. विचार करताना ती हेच करते. लहानपणी आमच्या घरी फिरती खुर्ची नव्हती, तेव्हा ती मला फिरवायची.

"दिवट्या, जुन्या खेळात जास्त कोण जेवायचं?"

"हत्ती."

"त्यानंतर?"

"घोडेस्वार. मग..." मला एकदम आठवलं. "झेंडेकरी! आपण हसायचो. साधा पायदळातला माणूस, पण कुऱ्हाडवाल्याच्या दुप्पट खायचा. आपण म्हणायचो, झेंडा पण जेवतो."

"झेंडा पण जेवतो," ताई म्हणाली. खुर्ची थांबली. "झेंडा खरंच जेवत होता."

ती उठली आणि थेट बारीककडे गेली. मीही मागून गेलो. काकाही आला, कप घेऊन.

"बारीक, आपलं ओझ्याचं गाढव आहे ना? त्याच्या पाठीवर शाल काढ."

"कशाला?"

"भरजरी. बुट्ट्या, वेलबुट्टी, मोर, काठ, सगळं. जेवढं बारीक काढता येईल तेवढं. हात आखडू नकोस."

असं सांगणारं बारीकला आयुष्यात कुणी मिळालं नव्हतं. तिने शाल अशी काढली, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोराच्या पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्यात आणखी एक मोर होता. ताईने ते चित्र खेळात टाकलं आणि नव्या चित्रांत खेळ सुरू केला.

फेरी संपली. खडूस पडला, त्याची आता सवय झाली होती.

त्याच्या मागे, शालीसकट, गाढव पडलं.

काकाने कप खाली ठेवला. ताईने गाढवावर टिचकी मारली.

उपासमार.

५

ताईने सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं. खुनी सांगायच्या वेळी असं बसवतात, हे ती आणि मी मिळून वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत होतं. बारीक दाराजवळ बसली. काकाने दार लावून घेतलं. साहेबांनी बिस्किटं मागवली, कारण त्यांना हा प्रकार मीटिंगसारखा वाटत होता.

"खडूस उपाशी मेला," ताईने सुरुवात केली. "कोठार रिकामं नव्हतं. म्हणजे एकच शक्यता उरते : त्याची भूक कोठारापेक्षा मोठी होती. काकाने मेंदूला हात लावलेला नाही. जुन्या चित्रांत तो जगतो, नव्या चित्रांत मरतो. म्हणजे भूक चित्रात आहे."

"चित्राने माणूस मरत नाही," काका म्हणाला, पण आता आवाजात जोर नव्हता.

"सरांकडे भूक लिहायला जागा नव्हती. पण प्रत्येकाचं चित्र तर ठेवावंच लागणार. हत्तीचं चित्र मोठं, त्याची फाईल जड. शिपायाचं चित्र लहान, फाईल हलकी. त्यांनी फाईलचं वजन हीच त्याची भूक धरली. झेंडेकऱ्याच्या चित्रात झेंडा जास्तीचा होता, म्हणून तो जास्त जेवायचा. कोठारात किती मावतं, तेही कोठाराच्या चित्रावरूनच."

काकाचं तोंड उघडं पडलं. "मग आपण सगळीच चित्रं मोठी केली. शेकडो पटींनी."

"सगळीच केली. शिपाई जड झाला, तसं कोठारही जड झालं. सगळ्यांचीच भूक वाढली आणि सगळ्यांचंच धान्य वाढलं. म्हणून काही बिघडलं नाही. खडूससुद्धा मंजूर झाला तेव्हा जिवंत होता." ती थांबली. "नंतर कुणीतरी फक्त त्याच्या एकट्याच्या चित्रात भर घातली. इतकी बारीक भर, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फाईलला मात्र दिसते."

सगळ्यांच्या माना बारीककडे वळल्या. बारीकने बिस्किट घेतलं आणि खाल्लं नाही.

"मी सकाळी तिला सांगितलं, की खडूस मेला. बाकी सगळ्यांनी विचारलं, कसा? हिने विचारलं, जवळून बघितलंस का? मग मला घोडा दाखवत राहिली. म्हणून मी घोडा सोडून बाकी सगळं बघितलं."

ताईने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर खडूसचं चित्र लावलं आणि मोठं करत नेलं. छाती आली, चिलखत आलं, पट्टा आला. पट्ट्याचं पितळी बक्कल आलं. बक्कल वाढत वाढत भिंतभर झालं.

चकचकीत पितळेत एक खोली उमटली होती. खिडकी, टेबलं, खुर्च्या. एका खुर्चीत पांढऱ्या केसांचा काका, हातात कप. ताई गोल फिरताना, थोडी पुसट. मी, तोंड उघडं, बहुधा काहीतरी विनोद करत असताना. कोपऱ्यात पाठमोरी बारीक. आणि मधोमध साहेब.



"तुम्ही नियम केला होता, की कुणीही खेळात सही करायची नाही," बारीक साहेबांना म्हणाली. 

"मागच्या वेळी तू मला बोकडावर काढलं होतंस!"

"बोकडावर नाही, शेजारी. साहेब, आपण इतकी वर्षं दुसऱ्यांचेच खेळ नवे करतो. खाली नावं त्यांची. मला वाटलं, कुठेतरी आपण असावं. कुणाला दिसणार नाही अशा जागी तरी. नुसतं चित्र आहे, कुणाचं काय बिघडणार, म्हणून काकालाही सांगितलं नाही. मरेल हे मला काय माहीत?"

म्हणजे आम्ही सगळे त्याच्या पोटावर जाऊन बसलो होतो, आणि तो गरीब एकटा आमच्या सगळ्यांचं जेवण जेवायला बघत होता.

"पुसून टाक," काका म्हणाला. "दुसरा मार्ग नाही. मेंदू उघडला तर महिनाभर लागेल. कोठार मोठं केलं तर त्याचं अख्खं सैन्य अमर होईल."

बारीकने मान हलवली. डोळे पुसले आणि पेन उचललं.

"थांब," साहेब म्हणाले. ते उठून पडद्याजवळ गेले होते. स्वतःच्या डोक्याकडे बघत होते. "केस बरे काढलेत."

"होते तसेच काढलेत," बारीक म्हणाली. ही त्या दिवसातली सर्वांत मोठी थाप होती.

"पुसायचं नाही," साहेब म्हणाले. "ताई, या खेळात न जेवणारं काय आहे?"

ताई हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"नदी," ती म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी सर आले. अंगाने काटकुळे, हातात छत्री, आवाज फोनवर होता तेवढाच. बारीकने रातोरात आम्हा सगळ्यांना बक्कलातून काढून नदीच्या पाण्यात उतरवलं होतं. खडूस पडद्यावर आला, फेरी संपली आणि तो घोड्यावर ताठ बसून राहिला. साहेबांनी टाळी वाजवली. जिवंत राहण्याबद्दल टाळी मिळालेला तो पहिलाच सेनापती असेल.

साहेबांनी सरांना खुर्ची दिली. सर बसले नाहीत.

"मी नाही खेळणार. मला त्याच्या सगळ्या खोड्या माहीत आहेत. याचा अशक्तपणा कुणी घालवला?"

आम्ही ताईकडे बोट दाखवलं.

"तुम्ही खेळा. मी त्याला बघतो."

ताईने बोटं मोडली आणि बसली. मी तिच्या मागे उभा होतो. मला तिची मान दिसत होती, आणि ती मान मला शाळेपासून पाठ आहे. आज ती थट्टेत नव्हती.

ती आधी कधीच खेळली नाही अशी खेळली. पुलावर तिने कुणाला पाठवलंच नाही. धनुर्धारी टेकडीवर बसवले, खडूसला वाटलं ती घाबरली. मग तिने घोडदळ जंगलाच्या कडेने, लांबून, फेरीमागून फेरी घालवत त्याच्या तळामागे नेलं. मला कळलं ती कुठे चाललीय. सर आणि आम्ही सोडून जगात कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट तिला माहीत होती. हा माणूस नक्की कशाने मरतो, ते.

"आग," ती म्हणाली आणि कोठार पेटवलं.

भिंतभर ज्वाळा. काका उभा राहिला. फेरीच्या शेवटी भूक मोजली जाणार होती, आणि कोठारात दाणा नव्हता. खडूसकडे फक्त एक फेरी होती.

"जिंकलीस," मी तिच्या कानात म्हणालो. "ताई, जिंकलीस!"

"गप रे," ती म्हणाली. तिची नजर हलली नाही.

खडूस कोठाराकडे वळला नाही. जळत्या तळाकडे त्याने पाहिलंही नाही. पूल रिकामा होता, तरी पुलावर गेला नाही, कारण पुलाने एक पाऊल जास्त पडलं असतं. त्याने घोडा सरळ नदीत घातला. पाणी उडालं, पाण्यातले आम्ही सगळे फुटलो, आणि तो पलीकडच्या काठावर चढला. ताईने सगळं घोडदळ त्याच्या तळामागे नेलं होतं. तिच्या राजधानीच्या दारात एक म्हातारा पहारेकरी होता. माझं वाक्य बोलायला ठेवलेला.

"पाणी चढतंय हो," पहारेकरी म्हणाला.

खडूसने दार घेतलं. डाव संपला. भूक मोजायची वेळ आलीच नाही.

 सर पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी छत्री टेबलावर ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हाच," ते म्हणाले. त्या दिवसात पहिल्यांदाच ते हळू बोलले. "हाच तो. नाव ठेवा."

साहेबांनी काकाला मिठी मारली, काकाने चहा सांडला, बारीक रडायला लागली. मी ताईचा खांदा हलवला.

"ऐकलंस का? नाव राहिलं! आता तरी ऊठ."

ताई उठली नाही. तिने बाही वर सारली आणि खुर्ची टेबलाला चिकटवून घेतली.

"सगळे जरा सरका," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

आणि तिने नवा डाव लावला.